आवडले, नावडले : जुनी यादी पुन्हा तपासताना

५ जानेवारी

आधी काम काय आहे ते सांगतो. पाहिलेल्या सिनेमांची यादी मी वहीत ठेवत आलो आहे. नाव, वर्ष आणि पुढे पाचपैकी तारे, एवढंच. कुणी विचारलं, 'कोर्ट'ला दोन तारे का आणि 'इंटरस्टेलर'लाही दोनच का, तर वहीत उत्तर नाही. हे दोन सिनेमे एकाच कारणाने नावडणं अशक्य आहे. म्हणून ठरवलं की सगळ्यात आवडलेले आणि सगळ्यात नावडलेले सिनेमे परत पाहायचे आणि प्रत्येकापुढे कारण लिहायचं.

मी समीक्षक नाही. कामावरून आल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी सिनेमा पाहणारा प्रेक्षक आहे. पण सिनेमावर जीव आहे, आणि आपल्याला एखादी गोष्ट का आवडते हे माहीत असावं असं मनापासून वाटतं. अशीच वही कुणाला करायची असेल तर वेळ कुठे जातो आणि कसा वाचतो हे कळावं, म्हणून या नोंदी. यात सिनेमांचे शेवट सांगितलेले आहेत. न पाहिलेल्या सिनेमाची नोंद ओलांडून पुढे जा.

१० जानेवारी

पहिली पद्धत: सिनेमा चालू असतानाच लिहायचं. ही चालली नाही. 'सैराट' (२०१६) लावला, मांडीवर वही घेतली आणि अर्ध्या तासात कळलं की लिहिताना मान खाली जाते आणि नेमकं बघण्यासारखं तेव्हाच घडून जातं. पावणेतीन तासांहून मोठा सिनेमा, त्यात दर दहा मिनिटांनी थांबवून मागे नेला तर संध्याकाळ संपते. शिवाय तुकड्यातुकड्यांत पाहिलेला सिनेमा हा तो सिनेमाच राहत नाही. दिग्दर्शकाने जिथे दम राखला आहे तिथे आपण चहाला उठल्यासारखं होतं.

बदललेली पद्धत: एका बैठकीत, न थांबवता पाहायचा. काही खटकलं किंवा भिडलं की फक्त घड्याळातली वेळ टिपायची, शब्द लिहायचे नाहीत. मत दुसऱ्या दिवशी लिहायचं. त्या वेळांवर परत जाऊन तेवढे प्रसंग पुन्हा पाहायचे.

१२ जानेवारी

'सैराट'चं मत. पाच तारे होते, पाचच राहतात, पण कारण बदललं. आधी विचारलं असतं तर गाणी म्हणालो असतो. अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला तो भलामोठा वाद्यवृंद कुणाला आवडणार नाही? आता टिपलेल्या वेळांपैकी सगळ्यात ठळक वेळ शेवटची आहे. आर्ची आणि परश्या मारले गेले आहेत, लहान मूल घरात येतं, रडतं, बाहेर पडतं आणि जमिनीवर रक्ताने माखलेल्या पावलांचे ठसे उमटत जातात. या शेवटाला आवाज नाही. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही.

तेवढा भाग परत लावला आणि मुद्दाम मागे एक करुण धून वाजवून पाहिली, फोनवरून, जी हाताशी होती ती. प्रसंग तिथल्या तिथे सैल पडला. धून वाजायला लागली की आपल्याला कळतं, आता रडायचं आहे. आणि काय करायचं ते कळलं की माणूस निम्मा सुटतो. नागराज मंजुळे यांनी ती सुटका दिलेली नाही. ज्या सिनेमाने पहिल्या भागात एवढं संगीत ओतलं, त्याने शेवटी ते काढून घेतलं, म्हणून ती शांतता एवढी बोचते. अगोदरची गाणी नसती तर हा शेवट असा लागला नसता.

फोनवरून धून वाजवून पाहायचा हा प्रयोग जरूर करा. खर्च काही नाही आणि दोन मिनिटांत बरंच कळतं.

१७ जानेवारी

'कोर्ट', चैतन्य ताम्हाणे, २०१४. दोन तारे होते. हा प्रथम पाहिला तेव्हा मी कंटाळलो होतो, हे नक्की आठवतं. या वेळी टीव्हीच्या मांडणीत एक गोष्ट सापडली, आणि ती सिनेमाच्या गुणदोषांशी अजिबात संबंधित नाही. बहुतेक नव्या टीव्हींमध्ये चित्र गुळगुळीत करणारी सोय मुळातच चालू असते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसवतो. मग सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं, माणसं सेटवर उभी असल्यासारखी. जो सिनेमा स्थिर कॅमेऱ्याने, लांबून, लांबलचक दृश्यांत पाहायचा आहे, त्याचं यात फार नुकसान होतं. ही सोय बंद केली. प्रत्येक टीव्हीत तिचं नाव वेगळं असतं. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असा शब्द जिथे दिसेल तिथे शोधा. हे आधी सुचलं असतं तर 'सैराट'ही नीट पाहून झाला असता. तो पुन्हा लावला नाही, एवढा वेळ नव्हता.

१८ जानेवारी

'कोर्ट'चं मत. दोनाचे साडेचार.

कंटाळा कुठून आला होता ते सापडलं. प्रसंगातली महत्त्वाची गोष्ट झाली की कॅमेरा उठून जाईल, अशी मला सवय होती. इथे तो जात नाही. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. मला वाटलं, संपला. तर पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बाकावर त्यांना डुलकी लागते, मुलं ओरडून उठवतात, ते एका मुलाला चापट मारतात. एक शब्द समजावून सांगितलेला नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आहेत ती खटल्यातला आरोपी शाहीर नारायण कांबळे याची गाणी, आणि ती माणसांसमोर मंचावर गायलेली.

पहिल्यांदा पाहताना मी त्या काळ्या पडद्यावर बटण दाबून मोकळा झालो असतो तर सिनेमाचा गाभाच निसटला असता. सुट्टीतला तो माणूस आणि खुर्चीवरचा तो माणूस एकच आहे, हे त्या चापटीत कळतं. शाहिराच्या जामिनाचा निर्णय याच हातात आहे. मला राग आला, आणि राग आणायला सिनेमाने आवाज चढवला नव्हता.

२५ जानेवारी

'इंटरस्टेलर' (२०१४). हा पाहताना बहीण सोबत होती, तिला तो अतिशय आवडतो. मला खटकलेली वेळ: वृद्ध प्राध्यापक मरणशय्येवर आहे आणि सगळ्या योजनेमागचं खोटं कबूल करतो. कथेचा कणा ज्या वाक्यांवर आहे ती वाक्यं मला ऐकूच आली नाहीत. आवाज वाढवला, तर पुढच्या दृश्यात भिंती हादरल्या.

ती म्हणाली, "दादा, मरणाऱ्या माणसाचं पुटपुटणं आहे ते. स्पष्ट कसं येईल?"

मुद्दा बिनतोड वाटला, पण तपासायचं ठरवलं.

२६ जानेवारी

आजचा दिवस आवाजाच्या जोडणीत गेला. सिनेमाचा आवाज सहसा पाच-सहा स्वतंत्र वाटांनी येतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेने. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर असले की या सगळ्या वाटा दोनांत कोंबल्या जातात आणि संवाद संगीताखाली दबतो. त्यावर उपाय दोन. एक, टीव्हीत किंवा ॲपमध्ये आवाजाचा पर्याय 'स्टिरिओ' निवडायचा, म्हणजे जिथे दोन स्पीकरसाठी वेगळं मिश्रण दिलेलं असेल तिथे ते मिळतं. दुसरा, चांगले हेडफोन. दुसऱ्याने फरक जास्त पडला. रात्री पाहण्यासाठी मोठे-बारीक आवाज सारखे करणारी सोयही असते. ती मी बंदच ठेवतो. तिच्यात कुजबुज आणि स्फोट एकाच उंचीवर येतात आणि मग सिनेमाने शांतता कुठे ठेवली होती तेच कळत नाही.

यादीतले जे सिनेमे 'संवाद कळत नाहीत' म्हणून नावडले असतील ते सगळे आता हेडफोनवर पुन्हा पाहावे लागणार. वेळ बराच जाईल.

२७ जानेवारी

'इंटरस्टेलर' हेडफोनवर. शब्द बरेच कळले, सगळे नाहीत. म्हणजे काही भाग जोडणीचा आणि काही दिग्दर्शकाच्या निवडीचा. क्रिस्टोफर नोलन यांनी ते जाणूनबुजून तसं ठेवलं आहे. बहिणीचं म्हणणं त्यांच्याशी जुळतं. माझं मत तरी तेच राहिलं. ज्या वाक्याने नायिकेचं आयुष्य उलटतं ते वाक्य मला ऐकायचं असतं.

पण याच सिनेमात एक जागा आहे जिच्यासाठी मी तो परत परत पाहीन. दगा देणारा अंतराळवीर डॉक्टर मान आपलं यान मुख्य यानाला जबरदस्तीने जोडायचा प्रयत्न करतो. दार नीट बसलेलं नाही. तो मोठ्या आवेशात भाषण देत असतो आणि वाक्य अर्धं असतानाच स्फोट होतो. बाहेरून पाहताना त्या स्फोटाला आवाज नाही, कारण अवकाशात आवाज वाहून न्यायला हवा नाही. तुकडे नुसते निःशब्द उधळतात. त्यानंतर संगीतकार हान्स झिमर यांचा ऑर्गन उसळतो आणि तो तिथे मला शंभर टक्के पटतो. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये वाजवलेला तो खरा ऑर्गन आहे, भात्यांतून हवा घेणारा. तो श्वास हेडफोनवर जाणवतो.

तीन तारे. एका सिनेमाला एकच आकडा देणं इथे अपुरं पडतंय, म्हणून आजपासून तारे बंद. वहीत आता दोन रकाने: 'या जागेसाठी पुन्हा पाहीन' आणि 'या जागेला उठून जाईन'.

३१ जानेवारी

'अशी ही बनवाबनवी' (१९८८). नोंद होऊ शकली नाही. प्रत्येक वाक्य पात्राच्या आधी माझ्या तोंडात. पाठ झालेल्या सिनेमावर मत बनवता येत नाही, तो घरातलाच होऊन बसतो. आनंदाने पाहिला आणि यादीतून बाजूला काढला.

७ फेब्रुवारी

'देवदास', संजय लीला भन्साळी, २००२. माझ्या नावडत्यांतला पहिला. हेडफोन लावून, नव्या रकान्यांसह पाहिला. 'उठून जाईन' या बाजूला एवढ्या वेळा टिपल्या गेल्या की पान भरलं. जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या: पात्र काही बोलतं, त्यावर वाद्यांचा घाव, मान वळते, त्यावर घाव. चांगले नट आहेत, चेहऱ्यावर सगळं दिसतं आहे, मग तेच परत कानात कशाला?

मग आवाज पूर्ण बंद करून शेवटचा भाग पाहिला. पारो हवेलीतून धावत सुटते, लांबच लांब पदर मागे, दारापाशी तो मरायला टेकला आहे आणि फाटक बंद होत जातं. आवाजाशिवाय हा प्रसंग अंगावर येतो. अंतर मोठं आहे, फाटकातली फट लहान होत चालली आहे, आणि ही बाई धावते आहे. नुसत्या मापांत सगळी शोकांतिका आहे. माझा राग सिनेमावर नव्हता, त्याच्या कानात ओरडण्यावर होता. ज्याने हे फाटक रचलं त्याची नजर किती मोठी आहे हे मला आवाज बंद केल्यावर दिसलं.

आवाज बंद करून पाहणं ही या कामातली सगळ्यात कामाची युक्ती ठरली. तिची उलट बाजूही करून पाहा: डोळे मिटून नुसतं ऐका.

८ फेब्रुवारी

डोळे मिटून 'फँड्री' (२०१३) ऐकला, सगळा नाही, डुक्कर पकडण्याचा भाग. धावपळ, शिव्या, हसणारी पोरं, आणि मधेच शाळेतून राष्ट्रगीत. मग सगळे आवाज थांबतात. डोळे उघडले की दिसतं: जब्या, म्हणजे सिनेमातला शाळकरी मुलगा, आणि घरचे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर हातचं निघून जातं. डुकराला राष्ट्रगीत लागू नाही. ज्या शाळेत जब्याला नीट जागा नाही त्या शाळेतून आलेला आवाज त्याला पुतळा करून उभा करतो. हे सगळं आवाज कुठून आला यावर उभं आहे. संगीतकाराला बोलावून हे झालं नसतं.

शेवटी जब्या थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो तो दगड मी मुद्दाम पुन्हा पाहिला नाही. तो एकदाच लागावा.

१५ फेब्रुवारी

आतापर्यंतच्या नोंदी वाचून एका मित्राने विचारलं, "म्हणजे तुला पार्श्वसंगीत नकोच?" त्याचं समाधान व्हावं म्हणून मुद्दाम उलटं उदाहरण शोधलं. 'पथेर पांचाली' (१९५५). हरिहर बऱ्याच काळाने घरी येतो, आणलेल्या वस्तू दाखवतो, मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या, हातात देतो. दुर्गा गेलेली आहे, त्याला माहीत नाही. सर्वजया कोसळते, तोंड उघडतं, आणि तिच्या रडण्याच्या जागी तार शहनाईचा टिपेचा सूर येतो. तिचा आवाज नाहीच. संगीत रविशंकर यांचं, वाद्य दक्षिणा मोहन टागोर यांनी वाजवलेलं. हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य आहे, आवाज मोठा करायला त्याला कर्णा जोडलेला असतो.

इथे आवाज बंद करून पाहिलं तर प्रसंग अर्धा होतो. संगीत काढलं तर रडणं जातं, कारण संगीत हेच रडणं आहे. 'सायको'चंही (१९६०) तसंच. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असं हिचकॉक यांचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरी व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहिल्या आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं. आज तो प्रसंग त्या सुरांवेगळा करताच येत नाही.

मित्राला कळवलं: संगीत हवं, पण त्याला स्वतःचं काम हवं. चेहरा जे सांगतो आहे तेच परत सांगायला नको.

२१ फेब्रुवारी

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७). पेट्रोल पंपावरचा नाणेफेकीचा प्रसंग, आवडत्यांत सर्वांत वर. मालक गल्ल्यामागे, समोर मारेकरी. तो खाऊन झाल्यावर वेष्टनाचा कागद चुरगाळून काचेवर ठेवतो आणि कॅमेरा त्या कागदाकडे पाहत राहतो. कागद हळूहळू उलगडतो, करकरतो. बास. त्या आवाजाने घशाला कोरड पडते. हेडफोनवर आणखी एक कळलं: खाली अगदी मंद गुणगुण आहे, फ्रिजची असावी तशी. संगीतकार कार्टर बरवेल यांनी तो सूर विजेच्या ६० हर्ट्झच्या गुणगुणीशी जुळवून ठेवला आहे आणि प्रसंगाबरोबर तो कळत नकळत वाढतो. दोन स्पीकरच्या टीव्हीवर मला तो कधी ऐकू आला नव्हता. तरी भीती तेव्हाही वाटली होती.

२८ फेब्रुवारी

'१२ अँग्री मेन' (१९५७). हा सिनेमा माझ्या आवाजाच्या सिद्धांतात बसत नाही, आणि म्हणून नोंद महत्त्वाची. बारा माणसं, एक खोली, ९६ मिनिटं. संगीत नावापुरतं. खोली मात्र तासाभरात आवळत आल्यासारखी वाटते. सिडनी ल्युमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मग नजरेइतका आणि शेवटी खाली, म्हणजे छत दिसायला लागतं. भिंगंही अधिकाधिक लांब पल्ल्याची घेत गेले, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला चिकटते. सुरुवातीचं आणि शेवटाकडचं एकेक दृश्य थांबवून शेजारी शेजारी ठेवलंत की लगेच दिसेल. मी फोनने दोन्हींचे फोटो काढून वहीत चिकटवले. वहीत असे फोटो असले की पानभर लिहावं लागत नाही.

तेव्हा आपली एक आवडती किल्ली सापडली म्हणून सगळी कुलुपं तिनेच उघडायला जाऊ नका.

७ मार्च

'पुष्पक' (१९८७), सिंगीतम श्रीनिवास राव. संवाद एकही नाही, आवाज भरपूर. कमल हासनचा बेकार तरुण ऐषारामी हॉटेलात जाऊन पडतो आणि त्याला झोप येत नाही, कारण तिथे शांतता आहे. शेवटी तो आपल्या जुन्या खोलीभोवतीचा गोंगाट ध्वनिमुद्रित करून आणतो आणि तो लावून झोपतो. गरिबीवर भाषण नाही, दयेची धून नाही, आणि हसता हसता पोटात कालवतं. 'पुन्हा पाहीन' या रकान्यात पहिला.

१४ मार्च

'रिफिफी' (१९५५). यादीत नव्हता, आवाजाच्या नादाने नवीन घेतला. चोरीचा भाग साधारण अर्धा तास, त्यात ना शब्द ना संगीत. वरच्या मजल्याची जमीन फोडतात, भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पडणारा चुना तिच्यात साठेल आणि खाली आवाज होणार नाही. धोक्याच्या घंटेत अग्निशामकाचा फेस भरतात. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी या भागासाठी संगीत द्यायची तयारी दाखवली होती. दोन्ही प्रकारे पाहिल्यावर त्यांनीच संगीताशिवायचा पसंत केला. स्वतःचं काम काढून घ्या म्हणणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

हा टीव्हीवर पाहू नका, किमान घरात पंखा आणि मिक्सर चालू असताना नको. मी पहिल्यांदा तसाच लावला होता, छत्रीत पडणारे खडे ऐकूच आले नाहीत. रात्री परत पाहिला.

२१ मार्च

वहीची आताची मांडणी, ज्यांना करायची त्यांच्यासाठी: डाव्या पानावर नाव, वर्ष, कशावर पाहिला (टीव्ही की हेडफोन), आणि टिपलेल्या वेळा. उजव्या पानावर दोन रकाने. खाली एक ओळ, 'आवाज बंद करून काय दिसलं'. दुसऱ्याचं परीक्षण स्वतःचं पान भरेपर्यंत वाचायचं नाही; 'कोर्ट'नंतर एक वाचलं होतं आणि दोन दिवस त्याचीच वाक्यं माझ्या डोक्यात फिरत होती.

बाकी राहिलेले: 'ब्लॅक', 'किल्ला', आणि 'द बर्ड्स' (१९६३). शेवटच्यात नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांचे आवाज विजेच्या वाद्यावर बनवलेले आहेत. तो बहिणीबरोबर पाहायचा आहे, एका टीव्हीला दोन हेडफोन जोडता आले की.